तलवार, प्याला आणि वरात

पत्त्यांतील ज्या तांबड्या आकृतीला युरोपात हृदय म्हणतात तिला मराठी माणसाने बदाम म्हटले, आणि पुढे आमच्या तरुण मंडळींनी झाडांच्या बुंध्यांवर व जुन्या तटांवर बाणाने विद्ध झालेले जे असंख्य प्रेमाचे बदाम कोरले, त्यांचे नाव धर्मग्रंथातून नव्हे तर पत्त्यांच्या जोडातून आले आहे. मनाचे भाव पत्त्यांच्या रंगांवर आरोपित करण्याची ही हौस टॅरो या 78 पानांच्या जोडात पराकोटीला गेली. त्यात प्याला म्हणजे भावना, तलवार म्हणजे बुद्धी, दंड म्हणजे उत्साह आणि नाणे म्हणजे देह व द्रव्य अशी वाटणी असून, प्रश्नकर्त्यापुढे तलवारी अधिक पडल्या की तो विचाराने पोळला आहे आणि प्याले अधिक आले की तो मायेने भिजला आहे, असा निवाडा देण्यात येतो.

या वाटणीचे वय मात्र फार नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील मिलान, फेरारा येथील दरबारांत टॅरो हा निव्वळ डाव होता. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने त्यात प्राचीन मिसर देशाचे गूढ ज्ञान असल्याचे छापून टाकले, तेही त्या देशाची चित्रलिपी कोणास वाचता येण्यापूर्वी. आणि आज सर्वत्र दिसणारी चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने लंडनमध्ये 1909 साली काढली. रंग त्याहून पुष्कळ जुने. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मिसरच्या ममलूक अमदानीतील जो जोड सापडला त्यात प्याला, नाणे, तलवार व चौगान खेळण्याची काठी असे चार रंग आहेत. चौगान ठाऊक नसलेल्या युरोपीयांच्या हाती त्या काठीचा साधा दंड झाला, आणि ज्यास आज सृजनशक्तीचे प्रतीक मानून लोक डोळे मिटतात तो मुळात घोड्यावरून चेंडू टोलवण्याचा दांडा होता!

याच घराण्याची दुसरी शाखा इराणातून हिंदुस्थानात उतरली, ती गोल पानांची गंजिफा. 1527 मध्ये बाबराने सिंधच्या शाह हुसेनास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. दक्षिणेत या पानांसाठी सावंतवाडीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु नांदेडकरास दुसरे नाव अधिक जवळचे असावे. भैंसा ओलांडून पूर्वेस गेले की लागणारे निर्मळ, जे 1956 पर्यंत नांदेडप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते आणि पोनिकीच्या लाकडाच्या रंगीत खेळण्यांसाठी ज्याची ख्याती आहे, तेथील नक्काशांच्या हातूनही ही गोल पाने रंगून निघत. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे वा कागदाचे थर चिकटवायचे, त्यांवर खडूचा हात द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, चकत्या कापून चित्र काढायचे आणि वरून लाखेची चकाकी चढवायची, असा हा उद्योग.

मोगली गंजिफेची पाने 96 आणि रंग आठ: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश. म्हणजे मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, चाकर, वीणेसारखे तंतुवाद्य, सोन्याचे नाणे, सरकारी रोखा आणि कोठीचा माल. यात मन कोठेच नाही. आहेत ती सगळी सरकारची खाती. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त बरातीच्या रंगाचे जे वर्णन केले आहे ते वाचताना तर एखाद्या कचेरीत शिरल्याचा भास होतो: बादशहा फर्माने व दफ्तराचे बंद पाहत आहे, वजीर पुढ्यात दफ्तर घेऊन बसला आहे, आणि खालच्या पानांवर कागद करणारा, नोंदी करणारा कारकून, रेघा आखणारा, फर्मान लिहिणारा व बांधणी करणारा अशी कारखान्यातील माणसे आहेत. मनोवस्थेच्या अगदी निकट येणारे चित्र सापडते ते गुलामाच्या रंगात, कारण तेथे काही चाकर धुंद आणि काही शुद्धीवर दाखवले आहेत. म्हणजे भावना व बुद्धी यांचा काय तो भेद, तो धन्याच्या नव्हे तर नोकराच्या वाट्यास आला.

ही बरात आपल्यास परकी नाही. वसुलावर पैसे देण्याचा जो लेखी हुकूम तीच मराठी दफ्तरातील वरात, आणि लग्नाच्या वरातीशी तिचा काहीही संबंध नाही. शमशेर आणि कागद यांची जोडी आपल्या इतिहासातही दिसते: 1760 च्या फेब्रुवारीत उदगीर व औसा यांच्या दरम्यान सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामास कोंडले ते शमशेरीने; पण सुमारे 60 लक्ष उत्पन्नाचा मुलूख पदरात पडला तो तहाच्या कागदाने. सफेद आणि सुर्ख अशी नाण्यांची दोन खाती पाहून मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हसू यावे, कारण निजामी अमलात त्यांच्याही कनवटीला दोन रंग असत, निजामाचे हाली व इंग्रजांचे कलदार; आणि 7 हाली म्हणजे 6 कलदार हा हिशेब बाजारात ज्याच्या जिभेवर नसे तो नागवला जाई.

तथापि चित्रांत न सापडणारी बुद्धी खेळात पुरेपूर लागे. तिघे भिडू, प्रत्येकास 32 पाने, हुकमाचा रंग नाही, आणि पडलेले प्रत्येक पान स्मरणात ठेवायचे. दिवसा सुर्खाच्या मीराने (म्हणजे बादशहाच्या पानाने) उतारी, रात्री सफेदाच्या. दशावतारी गंजिफेत, जिची पाने 120, तोच मान दिवसा रामास व रात्री कृष्णास. त्यातही मौज अशी की निम्म्या रंगांत मीर व वजीर यांच्यानंतर दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ. शमशेर पहिल्या गटात आहे आणि बरात दुसऱ्या. तलवारी जितक्या अधिक तितके बळ, पण हुकूम मात्र एकच असावा, असा अर्थ मी त्यातून काढतो. कोणत्या जाणत्याने तो मला सांगितलेला नाही, आणि टॅरोवाल्यांप्रमाणे मीही पानावर माझ्या मनातले लिहितो आहे, हे कबूल केले पाहिजे.

देगलूर, कंधार, उदगीर, औसा येथील जुन्या वाड्यांच्या संदुकींत लाखेचा उग्र वास येणाऱ्या अशा गोल चकत्या कोणास आढळल्या, तर त्या मुलांच्या हाती खेळायला देण्यापूर्वी मोजून पाहाव्यात: 96 आहेत की 120, आणि वरातीचा एक्का शाबूत आहे की नाही.