भातखाचर असलेली बाग

पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानात तळी, छोटे पूल, वळणावळणाच्या वाटा सगळं आहे, पण हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. सिंहगड रोडच्या गर्दीला खेटून असलेली ही १० एकरांची बाग २००६ मध्ये खुली झाली. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवर ती बेतली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मूळ बागेची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने (आपल्याकडच्या संस्थानिकासारखा माणूस) १६८७ मध्ये काम काढलं, ते १७०० मध्ये पुरं झालं. म्हणजे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, तेव्हा तिकडे तळी खणणं चालू होतं! पण मला खरी गंमत वाटते ती बागेतल्या भातखाचरांची आणि चहाच्या मळ्याची. शेती कशी चालते ते सरदारसाहेबांनी तिथे फिरता फिरता बघायचं.

'कोराकुएन' हे नाव १८७१ मधलं. राज्यकर्त्याने चिंता सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर घ्यावं, या जुन्या चिनी विचारावरून ते आलं. आणि त्याच वर्षी जपानमधली संस्थानं खालसा झाली. उशीरच झाला म्हणायचा. १८८४ मध्ये बाग सर्वांना खुली झाली.

मी डहाणूकडचा, त्यामुळे ते खाचर डोक्यातून जात नाही. आमच्याकडे चिकूची बाग नसते, वाडी असते, आणि वाडी म्हटली की तिथे राबतं कोण हे आधी दिसतं. शेजारच्या तलासरीत वारल्यांना जमीनदाराच्या शेतावर फुकट वेठ करावी लागे. लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवरा-बायको दोघंही 'लग्नगडी' होऊन राबत. मे १९४५ मध्ये झरी गावात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पण वेठ मोडली ती मोडलीच.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात कोराकुएनच्या बऱ्याच वास्तू जळाल्या. जुन्या चित्रांवरून त्या पुन्हा उभ्या केल्या. खाचर आजही आहे. जूनमध्ये तिथे लावणीचा सोहळा होतो, आणि आता तो बघायला तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं.