न लिहिलेल्या अटी

करारात एखादे कलम लिहावयाचे राहिले, की जुनाच दर मुकाट्याने चालू राहतो, हे आम्ही कामगार चळवळीत वारंवार पाहिले. संगणकाच्या इतिहासातही असाच एक धडा आहे.

नवा प्रोसेसर प्रत्यक्ष घडविणे फार खर्चाचे. म्हणून संशोधक आधी त्याची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे सिम्युलेटर, चालवून पाहतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून डग बर्गर व टॉड ऑस्टिन यांनी १९९७ साली ‘सिंपलस्केलर’ या संचाच्या दुसऱ्या आवृत्तीचा अहवाल प्रसिद्ध केला. या संचात यंत्राची घडण आज्ञेच्या ओळीवरच सांगावयाची असते. कॅशेसाठी १२८, ३२, ४ असे आकडे दिले, की १२८ संच, प्रत्येकात ४ कप्पे आणि कप्प्यात ३२ बाइट. गुणाकार १६,३८४, म्हणजे १६ किलोबाइट.

पण ज्याने काहीच लिहिले नाही, त्याचे काय? प्रोग्राम तक्रार करीत नाही. आपल्या पदरचा ठरीव आकडा धरून चालतो. तो आकडा निबंधात आला नाही, तर दुसऱ्याने निष्कर्ष पडताळावा कसा?

उपाय त्याच संचात होता. एका पर्यायाने दिलेल्या व गृहीत धरलेल्या सर्व अटी फायलीत उतरत. दुसऱ्याने तीच फाईल वाचून प्रयोग पुन्हा चालविता येई.

श्रोतेहो, यंत्र असो वा करार, गृहीत अटीही कागदावर आल्या, तरच दुसऱ्याला हिशेब मागता येतो.