कल्याण बंदर आणि वाट बांधणारी माणसे

कल्याण-शीळ रस्त्यावरील मानपाडा आज दुकानांनी आणि रिक्षांनी गजबजलेला आहे. येथून उल्हास नदीकाठचे जुने कल्याण फार दूर नाही. आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक दूधनाक्याला राहतात, लग्नाच्या खरेदीला आपण तेथे जातो. परंतु ज्या गावात आपण इतके येतो-जातो त्या गावाची ओळख आपल्या मुलांना रेल्वे जंक्शनपलीकडे फारशी नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, असा आपला समज असतो. कल्याणच्या फार जुन्या लेखी पुराव्यांत मात्र कारागीरही भेटतात. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिल्याचे म्हटले आहे. त्या काळातले कितीतरी धनवंत विस्मृतीत गेले, पण डोंगरावर वाट करून देणाऱ्या लोहाराचे नाव दगडावर राहिले.

त्याच सुमारास, म्हणजे पहिल्या शतकात, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ते ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. पूर्वी तेथे कायदेशीर पेठ होती, पण पुढे सत्ताबदल झाल्यावर त्या बंदराला लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. राज्यकर्त्यांच्या भांडणात व्यापार कसा बुडतो याचे हे आपल्याच गावातले उदाहरण होय. तरीही बंदर संपले नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या लेखकाने कल्याणहून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जात असल्याचे नमूद केले आहे. तेथे इराणातून नेमून आलेला ख्रिस्ती बिशप असल्याचेही तो लिहितो.

मुसलमान या किनाऱ्यावर प्रथम आले ते तलवार घेऊन, असे अजूनही पुष्कळांना वाटते. कागदपत्रे वेगळे सांगतात. अरब प्रवासी मसऊदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ मध्ये चौलला आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांचे तंटे सोडविण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असे त्याने लिहिले. त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ (इ. स. ९२६) मध्ये, एक ताम्रपट कोरला गेला. तो डहाणूजवळ चिंचणी येथे सापडला. राष्ट्रकूट राजांनी संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाच्या एका ‘ताजिका’कडे, म्हणजे अरबाकडे सोपविला होता, असे त्यात म्हटले आहे. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप असावे, असे विद्वान मानतात. या अधिकाऱ्याने दोन नद्यांवर लोकांना फुकट पार नेणाऱ्या होड्या ठेवल्या. भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र उघडले. देवीच्या मठाला इंद्रराजाच्या संमतीने जमीनही दिली. नंद लोहाराची वाट आणि मुहंमदाची होडी यांत आठशे वर्षांचे अंतर असेल, पण पुण्य एकाच जातीचे आहे.

पुढे १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत गलबते बांधण्यास आरंभ झाला. त्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १६८९ मध्ये मातबरखानाने कल्याण मोगलांकडे घेतले आणि १७०४ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत कारभार पाहिला. दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसे होती. खरा इतिहास शाळेतल्या भांडणाइतका सोपा नसतो.

१ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली आणि होडीची जागा रुळांनी घेतली. १८६४ मध्ये येथे सार्वजनिक वाचनालय निघाले. त्यानंतरच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, याच गावात एक मुलगी जन्मली. ती अठराव्या वर्षी बोटीने अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. त्या आनंदीबाई जोशी. वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्या गेल्या, परंतु त्यांनी मळलेली वाट आज आपल्या मुलींच्याही पायाखाली आहे. मुलीला पुढे शिकवावे की नाही असा विचार ज्या घरात चालू असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी या कल्याणच्या लेकीचे चरित्र अवश्य वाचावे.

आता एका निकडीच्या गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची पेटी प्रथम रद्दीत जाते. तिच्यात मोडीतील खरेदीखत, फारसी शिक्क्याची सनद, आजोबांचा निकाहनामा, गलबताचा हिशेब असे काहीही असू शकते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोडीत व्यवहार चालत होता. आज ती वाचणारे थोडे उरले आहेत, आणि फारसी वाचणारे त्याहून थोडे. कागद वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, सुटीत काळ्या तलावाजवळच्या काळ्या मशिदीपर्यंत, दुर्गाडीखालच्या खाडीपर्यंत एक फेरी करा. वडीलधाऱ्यांना गावाच्या, बंदराच्या, व्यवसायाच्या आठवणी विचारा आणि तारखेसह वहीत उतरवा. जुन्या कागदांची छायाचित्रे घ्या. मूळ कागद कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवा. तुमच्यातील दोघांनी-चौघांनी मोडी शिकली आणि दोघांनी फारसी, तर या खाडीकाठच्या किती घरांची तोंडे उघडतील! नंद लोहाराजवळ छिन्नी होती, म्हणून त्याच्या गावाचे नाव आपल्यापर्यंत आले. तुमच्याजवळ लेखणी आहे.