एकस्वपद्धती व दैनंदिन यांत्रिक साधने : पेण-रोहे परिसर

नव्या व उपयुक्त शोधाची संपूर्ण माहिती शासनाकडे नोंदविल्यावर तिच्या मोबदल्यात संशोधकास ठराविक मुदतीपुरता मिळणारा अनन्य हक्क म्हणजे एकस्व (पेटंट) होय. मुदत संपताच तो शोध सर्वांना खुला होतो. भारतात या पद्धतीचा प्रारंभ १८५६ मध्ये झाला. त्या काळी सध्याच्या रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा) पेण व रोहे या भागांत भातशेतीस लागणारी अनेक यांत्रिक साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. ती कोणी प्रथम योजिली, त्यांत कोणी सुधारणा केल्या, हे मात्र अज्ञातच राहिले. एकस्वाचा कायदा व ग्रामीण कारागिरी यांच्यातील अंतर समजून घेण्यास हा परिसर उपयुक्त आहे.

स्थानिक साधने : पेण हे भोगावती नदीवर, तर रोहे हे कुंडलिका नदीवर वसले आहे. दोन्ही नद्यांच्या मुखांकडील सखल प्रदेशात भरतीचे खारे पाणी शिरते. मातीचे बांध घालून समुद्रापासून मिळविलेल्या अशा जमिनींचा पट्टा ‘खारेपाट’ म्हणून ओळखला जातो. बांध घातला, तरी पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडणे आवश्यक असते. त्यासाठी बांधात ‘उघाडी’ ठेवतात. उघाडीच्या तोंडाशी समुद्राच्या बाजूस एक झडप टांगलेली असते. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते व शेतातील जादा पाणी निघून जाते. भरती येताच बाहेरील पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. रात्रंदिवस मनुष्याच्या देखरेखीवाचून चालणारी ही एकदिश झडप यंत्रशास्त्राच्या दृष्टीने स्वयंचलित साधनच होय. ती नादुरुस्त झाली अथवा बांधास खांड पडली, तर खारे पाणी शेतात शिरून जमीन काही वर्षे नापीक होते. त्यामुळे या साध्या साधनावर गावांचे पोट अवलंबून असे.

भात भरडण्यासाठी ‘घिरट’ वापरीत. जात्याप्रमाणे एकावर एक बसविलेल्या दोन तळ्यांमध्ये भात घालून वरची तळी फिरविली असता दाणा फारसा न चुरता तूस सुटे होते. नंतर उखळात मुसळाने कांडून तांदूळ सडीत. हे कष्टाचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. शेजारच्या अलिबाग किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागांत जनावराने फिरविलेल्या आडव्या दातेरी चाकाची गती उभ्या चाकास देऊन गाडग्यांच्या माळेने पाणी उपसणारा रहाट रूढ होता. ही साधने सुतार व लोहार स्थानिक गरजेनुसार घडवीत व दुरुस्त करीत. लाकडाची जात, दात्यांतील अंतर, झडपेचे वजन यांसंबंधीचे ज्ञान लेखी नसून हातातून हातात जाई.

कायद्याचा विकास : इंग्लंडमध्ये १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने नव्या शोधास १४ वर्षांपर्यंत अनन्य हक्क देण्याची तरतूद ठेवली. परंतु तो मिळविण्यासाठी अनेक कचेऱ्यांतून जावे लागे व खर्चही फार येई. १८५२ च्या कायद्याने ही प्रक्रिया एका कार्यालयात आणली व प्रारंभीचे शुल्क २५ पौंडांवर आले. तथापि हक्क टिकविण्यासाठी तिसऱ्या वर्षानंतर ५० व सातव्या वर्षानंतर १०० पौंड भरावे लागत. याच कायद्याच्या धर्तीवर २८ फेब्रुवारी १८५६ रोजी भारतात पहिला अधिनियम झाला. त्यानुसार ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला आणि २ सप्टेंबर रोजी आकृत्यांसह तपशील सादर केला. त्यांना मिळालेला हक्क भारतातील पहिले एकस्व मानला जातो. छतास टांगलेला पंखा दोरीने ओढणाऱ्या नोकराचे काम यंत्राकडे देण्याची ही कल्पना होती. भारतीय एकस्वाचा इतिहास अशा रीतीने एका घरगुती साधनापासून सुरू होतो.

ब्रिटिश राजसत्तेची पूर्वसंमती न घेतल्यामुळे हा अधिनियम १८५७ मध्ये रद्द करण्यात आला व १८५९ मध्ये सुधारित अधिनियम आला. परदेशातील शोध केवळ आयात करणाऱ्यास त्याने संशोधक मानले नाही. १८७२ मध्ये नमुने व आकृतिबंध यांना संरक्षण मिळाले. १८८८ मध्ये कायद्याचे एकत्रीकरण झाले आणि १९११ च्या अधिनियमाने एकस्वांचा कारभार प्रथमच स्वतंत्र नियंत्रकाकडे सोपविला.

कारागीर व एकस्व : पेण-रोह्याच्या कारागिरास ही पद्धती उपलब्ध असूनही दुर्गम होती. अर्जाचा कारभार कलकत्त्यास व इंग्रजीत चाले; लेखी तपशील व प्रमाणबद्ध आकृत्या लागत. याहून मूलभूत अडचण नवीनतेची होती. अर्जापूर्वी सार्वजनिक वापरात असलेले साधन एकस्वास पात्र नसते. गावातील सुधारणा तर वापरातूनच सिद्ध होई व शेजारी ती लगेच उचलीत. शिवाय हा हक्क ब्रिटिश मुलखापुरता होता. रोह्यास लागून असलेले जंजिरा संस्थान त्याच्या कक्षेबाहेर होते.

एकस्व मिळाले, तरी यश निश्चित नसे, हे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्या चरित्रावरून दिसते. मुंबईत जन्मलेल्या भिसे यांच्या किराणा माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राच्या आराखड्यास लंडनमधील स्पर्धेत पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी मुद्रणाचे खिळे जलद ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र तयार केले व सर रतन टाटा यांचे आर्थिक साहाय्य मिळविले. इंग्लंड-अमेरिकेत त्यांनी अनेक एकस्वे घेतली. पण भांडवलाच्या अडचणींमुळे यंत्राचा अपेक्षित प्रसार झाला नाही. त्यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. तरीही त्यांचे नाव व आकृत्या अभिलेखात राहिल्या. उघाडीच्या कर्त्याच्या वाट्यास तेवढेही आले नाही.

उत्तरकाल : खारेपाटातील बांध राखण्याची जबाबदारी पूर्वी शिलोत्री पद्धतीने जमीनधारकांवर असे. ती व्यवस्था शिथिल झाल्यावर बांध फुटून जमिनी नापीक होऊ लागल्या. त्यामुळे १९४८ चा मुंबई खारभूमी अधिनियम व पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम करावा लागला. घिरटाची जागा यांत्रिक भातगिरण्यांनी घेतली. १९७० चा एकस्व अधिनियम २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. २००२ च्या दुरुस्तीने एकस्वाची मुदत २० वर्षे झाली आणि पारंपरिक ज्ञान हा शोध नव्हे, असे स्पष्ट करण्यात आले. या तरतुदीमुळे असे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे होण्यास आळा बसतो. मात्र ते जपणाऱ्यास त्यातून मोबदला मिळत नाही. पेणच्या गणेशमूर्तींसारखे समूहाचे कसब एकस्वाच्या चौकटीत बसत नाही. त्यासाठी भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा वेगळा अधिनियम आहे. एकस्व हे नव्या कल्पनेस मिळणारे पारितोषिक आहे. जुने साधन चालू ठेवण्याच्या श्रमाची त्यात गणना नाही. खारेपाटातील शेती मात्र त्या श्रमावरच उभी राहिली.