मोटारीचा धनी आणि सरकारी चोपडी



जुनी मोटार विकण्याघेण्याचा व्यवहार आतां मध्यम स्थितीच्या घरींहि नित्याचा झाला आहे. पैसे मोजले, किल्ली हातीं आली, कीं दोन्ही पक्ष समाधान पावतात. सरकारदप्तरीं नांव पालटण्याचें काम मात्र सवडीवर पडतें. ही दिरंगाई किती महाग पडूं शकते हें समजण्यास, ही नोंद मुळांत कशासाठीं जन्मास आली तें पाहिलें पाहिजे.

बैलगाडीचा धक्का कोणास लागला, तर गाडीवान धुरळा बसण्यापूर्वींच सांपडत असे. मोटारीचें तसें नव्हतें. अपराध करून ती क्षणांत दिसेनाशी होई. म्हणून पॅरिस येथील पोलीस खात्यानें १८९३ च्या ऑगस्टांत हुकूम काढला कीं, प्रत्येक यांत्रिक वाहनावर मालकाचें नांव, पत्ता व परवान्याचा क्रमांक यांची धातूची पाटी असावी. इंग्लंडनें १९०३ सालीं कायदा करून १ जानेवारी १९०४ पासून निराळी रीत घातली. पाटीवर केवळ क्रमांक राहिला, आणि नांव स्थानिक कौन्सिलाच्या चोपडींत गेलें.

हा फरक दिसावयास लहान, पण परिणामानें मोठा आहे. गाडी विकली कीं क्रमांक तिच्याबरोबर जातो. नांव मात्र कोणी जाऊन बदलीपर्यंत चोपडींत जुनेंच राहतें. गाडी एकाच्या दारीं आणि नांव दुसऱ्याचें, ही विसंगति त्या दिवसापासून सुरू झाली.

आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा सर्वसाधारण मोटार कायदा १९१४ सालीं झाला. त्याची जागा १९३९ च्या अधिक विस्तृत कायद्यानें घेतली. त्याच्या मूळच्या ३१ व्या कलमानें मालकी पालटल्याची वर्दी तीस दिवसांत देण्याचें काम खरेदीदारावर टाकलें होतें. याच कायद्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १९४६ च्या जुलैपासून अमलांत आलें. तेव्हांपासून चोपडींतील नांवास नवें महत्त्व आलें. कारण आतां प्रश्न केवळ अपराधी हुडकण्याचा नव्हता, तर जखमी झालेल्याची किंवा मृताच्या कुटुंबाची भरपाई कोणी करावी, हाहि होता.

येथें एक शंका साहजिक आहे. मोटार ही जंगम वस्तु. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें तिची मालकी उभयतांच्या कराराप्रमाणें व इच्छेप्रमाणें पालटते. मग सरकारी नोंदीची मातब्बरी ती काय? जमिनीच्या फेरफाराविषयीं आपण हेंच म्हणतों कीं, नोंद म्हणजे हक्क नव्हे. विकणारा व घेणारा या दोघांपुरतें हें खरेंच आहे. पण रस्त्यावरील तिसरा माणूस त्यांच्या करारांत कोठें आहे?

या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं दिला. उत्तरेकडील एका गृहस्थानें २००७ सालीं आपली मोटार विकली. ती पुढें आणखी हातांतून गेली, पण नोंदींत नांव पहिल्याचेंच राहिलें. २००९ सालीं त्या गाडीनें अपघात होऊन एकाचा प्राण गेला. भरपाई देण्याचें दायित्व नोंदींतील पहिल्या गृहस्थावरच आलें. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, अपघातांत सांपडलेल्या कुटुंबानें नोंद न झालेल्या विक्रीची सांखळी हुडकीत बसावें, अशी अपेक्षा कायदा करीत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं गाडी दिलेल्या माणसास हा न्याय कठोर वाटेल. परंतु घरचा माणूस गमावलेल्यांच्या बाजूनें पाहतां दुसरा न्याय कोणता?

सध्यांचा १९८८ चा कायदा म्हणूनच हें काम दोघांवरहि टाकतो. त्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें, गाडीची नोंद ज्या राज्यांत आहे त्याच राज्यांत ती विकली असल्यास विकणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत वर्दी द्यावयाची असते. विक्रीची सूचना २९ नंबरच्या नमुन्यांत, व नांव चढविण्याचा अर्ज ३० नंबरच्या नमुन्यांत करितात. परराज्यांत विक्री झाल्यास मूळच्या आर. टी. ओ. कचेरीचें ना-हरकत प्रमाणपत्रहि लागतें. त्याचा अर्ज २८ नंबरचा. विमा कंपनीसहि घेणारानें चौदा दिवसांत कळवावयाचें असतें. विक्री दलालामार्फत होते तेथें तर गाडी महिनोन्‌महिने दुकानीं उभी, आणि नांव जुन्या मालकाचें, असें होई. त्यावर एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं, अधिकृत विक्रेत्याच्या हवालीं गाडी केल्याची रीतसर सूचना दिली, म्हणजे पुढील जबाबदारी त्या विक्रेत्याची मानली जाते.

तेव्हां गाडी विकणारानें घेणाराच्या सचोटीवर भरंवसा ठेवावा, पण कागद आपल्या हातानें द्यावा, त्याची पोंच जपून ठेवावी, आणि नांव खरोखर पालटलें कीं नाहीं याची चार आठवड्यांनीं चौकशी करावी. घेणारानेंहि ही टाळाटाळ करूं नये. ज्या गाडींतून आपलीं मुलेंबाळें फिरावयाचीं, तिच्यापुढें आपलें नांव लिहिण्यास संकोच कसला?