दुरून विचारलेला प्रश्न

न्हावा शेव्याच्या धक्क्याला जहाज लागण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीची चौकशी होते. प्रवासात कोणी दगावले काय, कोणास सांसर्गिक रोगाची लक्षणे दिसली काय, जहाजावर एखादे जनावर आजारी आहे काय, अशा नऊ प्रश्नांची उत्तरे कप्तानाने सागरी आरोग्य घोषणापत्रात भरावयाची, आणि ती पाहून बंदराच्या आरोग्याधिकाऱ्याने किनाऱ्याशी व्यवहाराची मुभा द्यावयाची, असा आजचा नियम आहे; अशा चौकशीचा शिरस्ता मात्र २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदराहून पुष्कळ जुना आहे. बिनतारी संदेश येण्यापूर्वी डोलकाठीवरील पिवळा बावटा हीच मुभा मागत असे.

परंतु ही चौकशी रोगाची होय. आजाऱ्याच्या समजुतीची नव्हे. खाडीपलीकडच्या मुंबईत, १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखल्यावर सरकारने घरे तपासली, माणसे इस्पितळांत हलविली आणि १८९७ साली साथरोगांचा कायदाही केला. मात्र या रोगाविषयी रयतेची समजूत काय आहे, हे जाणून घेण्याची तसदी क्वचितच घेतली गेली, आणि भयभीत कुटुंबांनी आपली माणसे लपविली. आपल्या शरीराविषयीची लोकांची समजूत पुढे टपालाने प्रकट झाली. १९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्वे यांनी चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचक जे प्रश्न पाठवीत, त्यांत शरीराविषयीचे अज्ञान आणि जिज्ञासा ही दोन्ही एकत्र नांदत असत.

आज या समजुतीचे मोजमाप होते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरील मजकूर दाखवून सहा प्रश्न विचारले जातात. दूरध्वनीवर वा पडद्यावर अशी प्रश्नावली घेता येते, आणि २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे वैद्यही पडद्यावर भेटू लागला आहे. परंतु न्हावा शेव्याच्याच उरण तालुक्यातील कोळीवाड्यास आइस्क्रीमच्या डब्याची मोजपट्टी लावून काय साधणार? ‘गोळी रिकाम्या पोटी घ्या’ हे वाक्य बिनचूक वाचणारी, पण पहाटेचा चहा पोटात गेल्यावरही पोट रिकामेच मानणारी माणसे आपल्या घरोघर आहेत. त्यांची उणीव अक्षरज्ञानाची नसून अर्थाची आहे, आणि ती वाचनाच्या परीक्षेत कधीच सापडणार नाही.

म्हणून दुरून मोजणाऱ्यांना माझे एवढेच मागणे आहे, की प्रश्न मराठीत, ऐकू येईल असा आणि रुग्णाच्या दिनक्रमातून घेतलेला असावा. ‘समजले ना?’ या प्रश्नास माणूस भिडेपोटी होकार देतो. ‘उद्या सकाळी उठल्यावर काय काय कराल, ते क्रमाने सांगा’ असे विचारले, की चहा आधी की गोळी आधी, हे त्याच्याच तोंडून कळते. जहाजाच्या कप्तानास आपण नऊ प्रश्न विचारतो. किनाऱ्यावरच्या माणसास निदान हा एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे.