शेंगदाणा आणि बालकाचा आहार : एका वैद्यकीय सल्ल्याचा इतिहास (१९९८ ते २०१७)

बालकास आईच्या दुधाव्यतिरिक्त अन्न केव्हा व कोणत्या क्रमाने द्यावे, हा प्रश्न प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न असा भेद आढळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ॲलर्जीच्या भीतीमुळे पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला वेगळे वळण लागले. शेंगदाण्याच्या उदाहरणावरून ते स्पष्ट होते.

१९९८ मध्ये ब्रिटिश शासनाने ॲलर्जीप्रवण कुटुंबांतील बालकांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला दिला. २००० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने अधिक जोखमीच्या बालकांसाठी दुग्धजन्य पदार्थ एका, अंडे दोन व शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत लांबविण्याची शिफारस केली. निर्णायक अभ्यास उपलब्ध नाहीत, हे अकादमीने त्याच वेळी मान्य केले होते. सल्ला पसरला, ही कबुली मात्र मागे राहिली. पुराव्याची जागा सावधगिरीने घेतली की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक यांच्या संशोधनामुळे या भूमिकेस तडा गेला. इसबाने सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलयुक्त मलम लावण्याचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशी संबंध असल्याचे त्यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविले. म्हणजे तोंडावाटे टाळलेला पदार्थ त्वचेवाटे शरीरास भेटत होता! पुढे २००८ मध्ये ब्रिटन व इस्रायलमधील ज्यू शाळकरी मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ॲलर्जीचे प्रमाण ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्रायलमध्ये केवळ ०.१७ टक्के आढळले. इस्रायलमध्ये शेंगदाण्याचा ‘बांबा’ हा कुरकुरीत पदार्थ तान्ह्या वयापासून खाऊ घालतात. त्याच वर्षी अमेरिकन अकादमीने आपली शिफारस मागे घेतली. ब्रिटनने २००९ मध्ये तेच केले.

केवळ तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून ४ ते ११ महिने वयाच्या, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बालकांवर ‘लीप’ हा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचा-चाचणी नकारात्मक असलेल्यांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के बालकांना पाचव्या वर्षी ॲलर्जी आढळली. नियमित खाणाऱ्यांत हे प्रमाण १.९ टक्के होते. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बालकांना वैद्यकीय तपासणीनंतर ४ ते ६ महिन्यांतच शेंगदाणायुक्त अन्न सुरू करण्यास सांगितले. तीन वर्षांची मर्यादा अशी काही महिन्यांवर आली.

एक सूचना मात्र बदलली नाही. अख्खा दाणा श्वासमार्गात अडकण्याचा धोका ॲलर्जीहून वेगळा आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, असेच आजही सांगितले जाते. प्रयोगातील बालकांनाही शेंगदाणा बांबाच्या किंवा मऊ लोण्याच्या रूपात दिला गेला. मराठी स्वयंपाकघरात हे काम बारीक कुटलेले दाण्याचे कूट करू शकते, तेही मऊ भातात किंवा पेजेत नीट कालवल्यास.